काटा खरा, रांग लांब

हे परीक्षण ज्या दुकानाचं आहे ते कुठल्या रस्त्यावर नाही, त्यामुळे आधी पत्ता सांगतो. अलास्कात ब्रिस्टल बे नावाचा उपसागर आहे. त्यात नाकनेक नदी जिथे समुद्राला मिळते तिथून थोडं बाहेर, खोल पाण्यात, नांगर टाकून उभी असलेली शंभर फुटांहून लांब पोलादी बोट. निळा रंग, जागोजाग गंजाचे ओघळ. जून-जुलैत ती आमच्यासारख्या लहान बोटींकडून सॅल्मन तोलून घेते आणि डिझेल, गोडं पाणी, वाणसामान देते. नशीब जोरावर असेल तर गरम पाण्याची आंघोळही. अशा बोटीला तिकडे टेंडर म्हणतात. आपल्याकडे टेंडर भरतात, तिकडे टेंडरमध्ये मासे भरतात, एवढाच काय तो संबंध.

हिवाळ्यात हीच बोट बेरिंग समुद्रात चिंबोऱ्या धरते. टीव्हीवर डेकवर बर्फ साचलेल्या, लाटेखाली गायब होऊन पुन्हा वर येणाऱ्या बोटी तुम्ही पाहिल्या असतील, त्याच जातीची. चिंबोऱ्यांचा हंगाम नसला की कप्तान बोट कॅनरीला, म्हणजे मासे विकत घेऊन डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, भाड्याने देतो आणि दोन महिने काटा धरून बसतो. बोटीचं नाव मी देत नाही. काही तक्रारी आहेत, आणि माणूस भला आहे.

मी मूळचा हर्णैचा. २०२३च्या सुरुवातीला सिएटलमधली सॉफ्टवेअरची नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात होतं, खिसा रिकामा होत होता, आणि घरात बसून अर्ज भरण्याचा कंटाळा आला होता. सिएटलमध्ये फिशरमेन्स टर्मिनल म्हणून धक्का आहे, अलास्काला जाणाऱ्या कित्येक बोटी हिवाळ्यात तिथे बांधलेल्या असतात. तिथे चकरा मारता मारता एका गिलनेटवाल्याने (पाण्यात उभं जाळं सोडून मासे धरणाऱ्याने) विचारलं, बोट लागते का? म्हटलं, घरात तिसरी पिढी दर्यावर आहे. खोटं नव्हतं. फक्त त्या तिसऱ्या पिढीने दहावीनंतर बोटीवर पाय ठेवला नव्हता, हे सांगायचं राहून गेलं.

आबांना फोन केला तर ते हसलेच. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. होड्या वर ओढलेल्या, बापे जाळी विणत बसलेले, नारळी पुनवेची वाट बघत. "सगळं गाव बसून आहे आणि तू त्याच दोन महिन्यांत दर्यात चाललास?" तिकडचं गणित उलटं आहे. सॉकआय सॅल्मन समुद्रातून नदीत परत येतो तो याच दिवसांत, आणि ४ जुलैच्या आगेमागे सगळा लोंढा एकदम. २०२२ साली त्या उपसागरात ७ कोटी ९० लाखांच्या आसपास सॉकआय आले, आजवरचा विक्रम. (आपल्याकडे रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात. नात्यात काही नाही. चवीत मी रावसाच्या बाजूने आहे, पण ते पुन्हा कधीतरी.)

आता टेंडर लागतंच कशाला? ब्रिस्टल बेमध्ये जाळ्याच्या बोटीची लांबी ३२ फुटांच्या वर चालत नाही, कायदाच आहे. १९५१ पर्यंत तर इंजिनालाही बंदी होती, शिडाच्या होड्यांवर मासेमारी चालायची. ३२ फुटांत चार माणसं, ९०० फूट जाळं आणि मासे. लोंढ्याच्या दिवशी दोन-तीन तासांत बोट भरते. मग किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं तर हंगाम हातचा गेला, शिवाय तिथली भरती-ओहोटी वीस फुटांची, ओहोटीला सगळीकडे चिखल. म्हणून कॅनरी मोठी बोट समुद्रातच उभी करते. हर्णैला बोट बाहेर उभी राहते आणि लहान होड्या, बैलगाड्या मासळी वाळूवर आणतात. इथे वाळूच बोटीपर्यंत आलेली, असं समजा.

मोठी बोट हवी, टाकी मोठी हवी, खलाशी दर्याला सरावलेले हवेत. उन्हाळ्यात असं रिकामं बसलेलं कोण? चिंबोरीवाले. त्यांच्या बोटींच्या पोटात आधीच मोठाल्या टाक्या असतात, कारण चिंबोरी जिवंत धक्क्यावर न्यावी लागते. त्यात समुद्राचं पाणी सतत खेळतं ठेवतात. उन्हाळ्यात त्याच टाक्यांतलं पाणी यंत्राने बर्फाच्या जवळपास गार करून त्यात सॅल्मन सोडायचे. चिंबोऱ्यांचे सापळे, एकेक सहा-सातशे पौंडांचा, डच हार्बर नावाच्या बंदरात धक्क्यावर रचून ठेवलेले. डेकवर सापळे ढकलायचं यंत्र काढलेलं होतं, त्याच्या बोल्टांची भोकं तेवढी उघडी. त्यात माझ्या बुटाचं टोक दोनदा अडकलं. ही पहिली तक्रार, किरकोळ.

मुख्य गोष्ट काटा. टेंडरचं सगळं मोल काट्यात.

का, तर भाव माहीत नसतो. हर्णैच्या लिलावात मासळीचा ढीग वाळूवर पडला की बोली सुरू, दोन मिनिटांत आकडा ठरतो, पटला तर दे नाहीतर उचल. इथे मासे देऊन होतात, पावती हातात येते, पावतीवर पौंड छापलेले, भाव नाही. भाव कॅनरीवाले हंगाम उतरायला लागला की जाहीर करतात. म्हणजे मासे देताना तुमच्या हातात एकच खरी गोष्ट असते: वजन. आबांना हे फोनवर समजावून सांगताना मला घाम फुटला. "म्हणजे भाव न ठरवता मासळी देऊन टाकता? आणि शिकलेले लोक?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

एक रात्र सांगतो. ५ जुलै, पहाटेचे दोन. रात्र म्हणायची तर आकाश कडेला अजून पिवळट होतं, तिथे त्या दिवसांत पूर्ण काळोख होतच नाही. टेंडरच्या बाजूला लागलो. त्यांची कड आमच्या डोक्याच्या बरीच वर, मधे नारिंगी हवेचे बोये, सापळ्यांना बांधायचे तेच, उन्हाळ्यात ठोकर सोसायला लावलेले. लाट आली की आमची बोट वर जाते, त्यांची जात नाही, आणि बोया चिरडल्यासारखा किंचाळतो. वरून क्रेनचा हूक उतरतो. मी माशांनी गच्च भरलेल्या जाळीदार पिशवीचे चारही कान हुकात घालतो, हात बाजूला काढून वर करतो. हात वर दिसेपर्यंत क्रेनवाला उचलत नाही. ही शिस्त त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितली होती, आणि पूर्ण हंगामात एकदाही मोडली नाही. दुसऱ्या टेंडरवर मी हात काढायच्या आधी हूक वर गेलेला पाहिलाय, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पिशवी वर जाते, खालून पाण्याची धार. इथे घाई केली की पाणीही वजनात जातं आणि मग कॅनरी भांडते; उशीर केला की रांगेतले आमच्या नावाने शंख करतात. क्रेनवाली पोरगी, विशीतली असेल, धार तुटून थेंबांवर येईपर्यंत थांबायची. मग काट्याचा आकडा स्थिर झाला की मोठ्याने ओरडायची, आमचा कप्तान वहीत लिहायचा, त्यांचा माणूस संगणकात. रिकाम्या पिशवीचं वजन वजा. दरम्यान एक खलाशी दोन-चार माशांच्या पोटात तापमापकाची सुई खुपसून बघतो. माल गार असला, रक्त काढलेलं असलं, तर पौंडामागे वर काही सेंट जास्त मिळतात. आमचा माल ३६ डिग्री फॅरनहाइट निघाला तेव्हा त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. त्या दोन महिन्यांत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

त्या रात्री सहाव्या पिशवीला भांडण झालं. लाट होती, पिशवी झोकांडत होती, आकडा ८१० वर ओरडला गेला. आमच्या कप्तानाच्या अंदाजाने ती नऊशेची. तो वर बघून ओरडला, त्यांचा माणूस खाली बघून ओरडला, मागे रांगेतल्या बोटींनी भोंगे वाजवले. मग केबिनमधून टेंडरचा कप्तान उतरला. साठीचा, पांढरी दाढी, पायात रबरी बूट आणि अंगात झोपायचा सदरा. काही बोलला नाही. कोपऱ्यातून अंक कोरलेलं एक लोखंडी वजन ओढत आणलं, हुकाला लावलं, आम्हाला आकडा वाचायला सांगितला. काटा बरोबर होता. मग पिशवी परत टांगली, हुकाला दोरी बांधून दोन खलाशांना ती धरायला लावली, झोका थांबला. ८८५. पावतीवर दुरुस्ती झाली. जाताना तो आपल्या माणसाला हळू आवाजात जे बोलला ते ऐकू आलं नाही, पण त्या माणसाने पुढच्या प्रत्येक पिशवीला दोरी लावली.

पंच्याहत्तर पौंडांसाठी हा तमाशा? चार वाजता मलाही तेच वाटलं. पण ते दर खेपेला, दर पिशवीला धरून बघा. गावच्या बाजारात पारड्याखाली चिंच चिकटवलेला काटा ज्याने लहानपणी पाहिलाय, त्याला हे पटेल.

दुसरी गोष्ट टाकी. हा भाग मला चिंबोरीवाल्यांमुळेच बघायला मिळाला असं माझं मत झालंय. चिंबोऱ्यांच्या टाकीत एक मेली की तिच्या विषाने शेजारच्या मरायला लागतात. मेलेल्या चिंबोरीचा पैसा मिळत नाही, वर ती कोट्यातून, म्हणजे धरायला ठरवून दिलेल्या वजनातून, वजा होते. आयुष्यभर ही भीती घेऊन झोपलेला माणूस मेलेल्या सॅल्मनवरही तशीच नजर ठेवतो. टेंडरचा कप्तान तासातासाला झाकण उघडून बघायचा, पाण्याचं तापमान वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा, यंत्र आपोआप नोंदवत असताना. मी विचारलं तर म्हणाला, यंत्र बिघडलं तर ते स्वतःहून थोडंच सांगणार आहे.

आता रांग. ही खरी तक्रार आहे आणि ती मोठी आहे. लोंढ्याच्या चार दिवसांत आम्ही एकदा सहा तास रांगेत होतो. आमच्या पुढे चौदा बोटी. रेडिओवर नाव नोंदवायचं, मग ओहोटीचा ओढा सांभाळत घिरट्या. टाकी भरली की टेंडर माल उतरवायला निघून जातं, दुसरं येईपर्यंत सगळे लटकलेले. शिवाय कारखान्यात जागा उरली नाही की कॅनरी प्रत्येक बोटीला मर्यादा घालते, आज इतकेच पौंड, जास्त घेणार नाही. याला टेंडरचा कप्तान काय करणार, हे डोक्याला कळतं, पण सहाव्या तासाला डोकं चालत नसतं. एक गोष्ट मात्र त्याच्या हातात होती: किती वेळ लागेल ते सांगणं. दर वेळी रेडिओवर एकच उत्तर, थोडा वेळ. थोडा वेळ म्हणजे वीस मिनिटं की दोन तास, ते सांगितलं असतं तर आळीपाळीने झोप काढली असती. एक गुण इथे कापतो.

वाणसामान. यादी आदल्या दिवशी टेंडरला द्यायची, ती कॅनरीच्या दुकानात जाते, सामान पुढच्या फेरीला येतं, पैसे हिशेबातून वळते. आमच्या यादीत मी दहा पौंड कांदे लिहिले. आलं काय, तर सेलरीच्या सहा जुड्या. पुढच्या यादीत ठळक लिहिलं. पुन्हा सेलरी. बोटीवर सेलरीची भाजी केली, मोहरी-हळदीची फोडणी घालून, शिपिंगने आणलेला गोडा मसाला संपेपर्यंत. आमच्या कप्तानाने दोन वेळा घेतली. तरी ती सेलरीच.

आंघोळ मात्र पूर्ण गुण. बारा दिवसांनंतर, पाच मिनिटं. मोरीत शिरायच्या आधी त्यांच्या स्वयंपाकघरातून जावं लागतं. तिथे ताज्या दालचिनीच्या रोल्सचा ट्रे ठेवलेला असायचा, माल देणाऱ्या प्रत्येकाला एक. दाराशेजारी खिळ्याला एक पट्टी टांगलेली दिसली, दोन्ही टोकांना वाकलेली. मापाची: लाल किंग क्रॅब कवचावर साडेसहा इंचांपेक्षा कमी भरला तर परत दर्यात, मादी तर नेहमीच परत. पट्टीवर धूळ होती.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी विचारायचं नाही. ब्रिस्टल बेमधला लाल किंग क्रॅब १९८० साली १३ कोटी पौंड निघाला आणि तीन वर्षांत हंगामच बंद करायची वेळ आली. त्या सुगीत बांधलेल्या बोटींपैकीच ही एक. २००५ मध्ये कोटा पद्धत आली तेव्हा अडीचशेच्या घरातल्या बोटी एका वर्षात नव्वदवर आल्या. मग समुद्र तापला. अब्जावधी स्नो क्रॅब नाहीसे झाले, संशोधक म्हणतात गरम पाण्यात भूक वाढली आणि खायला पुरलं नाही. २०२१ला किंग क्रॅब बंद. २०२२च्या ऑक्टोबरात किंग पुन्हा बंद आणि स्नो क्रॅब इतिहासात पहिल्यांदाच बंद. थोडा टॅनर नावाचा खेकडा आणि कॉड मासा यावर हिवाळा काढायचा. म्हणजे मी त्या डेकवर उभा होतो तेव्हा टेंडरचं काम हे बाजूचं काम राहिलंच नव्हतं. फावल्या वेळची कमाई घर चालवत होती.

एकदा डिझेल भरताना, नळी धरून दोघं उभे असताना, मी टेंडरच्या कप्तानाला विचारलं, हे काम आवडतं का. त्याने समुद्राकडे बघत सांगितलं की तो इथे नांगरावर झोपतो, आणि नांगरावर त्याला झोप लागत नाही. आमच्या गावात बंदीच्या दिवसांत आबा रात्री अंगणात फेऱ्या मारतात, आई ओरडते. मी त्याला ते सांगायला गेलो नाही, इंग्रजीत ते नीट सांगता येईना.

जुलैच्या मध्यावर भाव आला. पौंडाला ५० सेंट. आदल्या वर्षी १ डॉलर १५ सेंट होता. नाकनेक नदीत बोटींनी रांग धरून निषेध केला. मी डेकवरचा खलाशी, माझा वाटा दहा टक्के, त्यातूनही खर्च वजा. सात हजार पौंडांच्या खेपेचे माझ्या वाट्याला, खर्च वजा व्हायच्या आधी, साडेतीनशे डॉलर. कांद्याऐवजी आलेल्या सेलरीचे पैसेही त्यातूनच. टेंडरला याचा थेट फटका नसतो, त्यांचं भाडं दिवसावर. मासा पन्नास सेंटचा असो की दीड डॉलरचा, त्यांचा दिवस तोच. त्या संध्याकाळी माल द्यायला गेलो तर कप्तान केबिनमधून खाली आलाच नाही. रोल्सचा ट्रे मात्र अख्खा आमच्या डेकवर उतरवला, क्रेनने, पिशवीत घालून. काट्यावर आकडा आला तो क्रेनवाल्या पोरीने सवयीने ओरडून दाखवला: अकरा. आमचा कप्तान त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

पुढे ऑक्टोबरात सिएटलमध्ये बातमी वाचली की किंग क्रॅब उघडला, साधारण साडेएकवीस लाख पौंड, सगळ्या बोटींना मिळून. पट्टीवरची धूळ पुसली गेली असेल.

तर गुण: काट्याला पाचपैकी पाच, टाकीला पाच, रांगेला दोन, सामानाला दीड. पुन्हा गेलो तर माल त्यालाच देईन, अर्थात आमची कॅनरी तीच असली तर. टेंडर निवडायची मुभा कॅनरीच्या पलीकडे नसते. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर टॉवेल स्वतःचा न्या. पिशवी झोकांडत असताना ओरडलेला आकडा मानू नका, दोरी लावायला सांगा, हा माणूस रागावत नाही. मोहरी-हळद घरून. आणि यादीत कांदे लिहून खाली चित्र काढा. मी तिसऱ्या यादीत काढलं होतं. लसूण आला.